अनोळखी किनाऱ्यावर लग्नाचा वाढदिवस: उडुपी ते गोकर्ण, दोघांसाठी आखणी कशी करावी

लग्नाच्या वाढदिवसाला दोघांनीच बाहेर पडायचं ठरलं की आम्हा नवी मुंबईकरांची पावलं आपसूक अलिबाग, दिवेआगर, गुहागर, मालवणकडे वळतात. भाषा आपली, जेवण आपलं, खोलीवाले काका ओळखीचे. त्यात वाईट काहीच नाही. पण ओळखीच्या जागी माणूस ओळखीचंच बोलतो. समुद्रासमोर बसूनही सोसायटीच्या लिफ्टचा आणि मुलाच्या क्लासचा विषय निघतो. लग्नाला पंचवीस वर्षं होत आली तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, यंदा जिथली पाटीसुद्धा वाचता येणार नाही अशा किनाऱ्यावर जाऊ. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातून दक्षिणेकडे जाणारी ती सगळी पट्टी, कारवार ते मंगळूर, साधारण 300 किलोमीटरची. आम्ही नेरूळला राहतो, आणि तिकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 66 आपल्या पनवेलपासूनच सुरू होतो. तरी गोव्याच्या खाली आम्ही कधी उतरलो नव्हतो.

त्या आखणीतून माझी एक पद्धत तयार झाली. मैत्रिणी विचारतात तेव्हा मी तीच सांगते: दिवस सकाळपासून पुढे आखू नका, संध्याकाळपासून मागे आखा. पश्चिम किनाऱ्यावर सूर्य समुद्रात बुडतो. डिसेंबरात तिकडे सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो. दोघांसाठी दिवसातला सगळ्यात मोलाचा वेळ म्हणजे साडेचार ते साडेसात. तेव्हा आपण कुठे बसलेले असू ते आधी ठरवायचं, मग दुपारचं जेवण कुठे ते ठरतं, मग सकाळी काय बघायचं ते. यादीतली जी ठिकाणं या उलट्या हिशेबात बसत नाहीत ती सरळ काढून टाकायची. सकाळपासून आखलेल्या सहलीत नेमकी संध्याकाळच गाडीत जाते, पुढच्या गावची खोली गाठताना.

तारीख

आपल्याकडची लग्नं बहुधा तुळशीच्या लग्नानंतर किंवा मे महिन्यात. पहिल्या गटातले नशीबवान आहेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा त्या किनाऱ्याचा उत्तम काळ. हवा कोरडी, समुद्र शांत, होड्या चालू. मे महिन्यातल्यांना माझा स्पष्ट सल्ला असा की तारखेला घरी गोडधोड करा, जवळच्यांना जेवायला बोलवा आणि सहल नोव्हेंबरात काढा. मे मध्ये तिकडे घामाने जीव जातो, शिवाय सुट्टीची गर्दी. जूनपासून पाऊस असा लागतो की बेटावर जाणाऱ्या होड्या बंद होतात. जून-जुलै मिळून 61 दिवस मासेमारीलाही बंदी असते, म्हणजे ताज्या माशाची ओढ असलेल्यांची निराशा ठरलेली. फक्त धबधबे आणि हिरवाई हवी असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबर पाहा.

डिसेंबरात दोन गोष्टी कॅलेंडरवर आधी तपासा. एक, मार्गशीर्ष. आमच्या घरी मार्गशीर्षातले गुरुवार पाळतात, काही घरी महिनाभर मासे बंद. नवऱ्याला मासे खायचे असतील आणि तुमचा उपास असेल तर त्या दिवशीचा मुक्काम उडुपीत ठेवा, तिथे शाकाहारी जेवणाची चंगळ आहे. दोन, नाताळ ते नववर्षाचा आठवडा. गोकर्णाला तेव्हा बेंगळुरूहून लोंढा येतो आणि खोल्यांचे दर चढतात. शनिवार-रविवारीही थोडं तसंच. वाढदिवस शनिवारी आला तर त्या दिवशी गोकर्णात नको, होन्नावरला राहा. उडुपीच्या बाबतीत सम वर्षांतला जानेवारी लक्षात ठेवा. श्रीकृष्ण मठाच्या पूजेचा कारभार आठ मठांत दर दोन वर्षांनी पालटतो, त्या पर्यायोत्सवाला, म्हणजे 18 जानेवारीच्या आसपास, गावात खोली मिळणं कठीण.

गाडी: सुटण्याची वेळ नको, पोचण्याची बघा

आपली गाडी घेऊन जाणारे खूप भेटतात. मी त्या मताची नाही. जाता-येता दोन-दोन दिवस रस्त्यात जातात आणि ज्याच्या हातात स्टिअरिंग त्याला किनारा दिसतच नाही. कोकण रेल्वे आपल्या दारातून जाते, ठाण्यालाही थांबते आणि पनवेललाही. 1998 साली ती पूर्ण सुरू झाली, तोवर आपल्याकडून मंगळूरला जायचं म्हणजे घाटावरून मोठा वळसा होता.

मत्स्यगंधा एक्स्प्रेस दुपारी कुर्ल्याहून म्हणजे लोकमान्य टिळक टर्मिनसहून सुटते. ती कारवार, गोकर्ण या भागात मध्यरात्रीनंतर, अंधारात पोचते, आणि उडुपीला पहाटे. सीएसएमटीहून मंगळूरला जाणारी दुसरी गाडी रात्री निघते, ती कारवारला सकाळी पोचते. त्यामुळे मत्स्यगंधा घेतली तर आधी थेट उडुपीला उतरा आणि मग किनाऱ्याने वर, उत्तरेकडे या. रात्रीची घेतली तर कारवारकडून खाली जा. अनोळखी गावात रात्री अडीच-तीनला सामान घेऊन उतरायचं आणि रिक्षा शोधायची, हे लग्नाच्या वाढदिवसाला कुणी करू नये. वेळा बदलतात आणि पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच वेगळं असतं, तेव्हा तिकीट काढताना तुमच्या स्टेशनची वेळ आणि थांबा तपासाच.

आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, सकाळी आठला. प्रवास 10 डिसेंबरचा असेल तर 11 ऑक्टोबरला. माझ्या नवऱ्याची महापे एमआयडीसीत शिफ्टची नोकरी, रजा मंजूर व्हायला वेळ लागतो. पण रजेसाठी तिकीट अडवून ठेवायचं नाही. आधी तिकीट काढायचं, नाहीच जमलं तर रद्द करायचं, थोडे पैसे कापले जातील. टू-टिअर एसी परवडत असेल तर साइड लोअर आणि साइड अपर अशी पसंती भरून बघा. मिळाल्या तर खिडकी दोघांची, पडदाही दोघांचा.

मुक्काम दोनच

नकाशा उघडलात की मोह होतो: मंगळूर, उडुपी, कुंदापूर, मुरुडेश्वर, होन्नावर, कुमठा, गोकर्ण, कारवार. प्रत्येक ठिकाणी एक रात्र! तसं करू नका. हा किनारा गावांनी नाही, नद्यांनी बनलेला आहे. काळी, गंगावळी, अघनाशिनी, शरावती, सौपर्णिका, स्वर्णा, एकेक नदी सह्याद्रीतून उतरून रुंद खाडी होऊन समुद्राला मिळते. नकाशावर हाताच्या बोटाएवढं दिसणारं अंतर खाडीला वळसा घालून जावं लागतं. त्यातून रोज सामान भरणं-काढणं आलं.

एक मुक्काम दक्षिणेला, उडुपीजवळ. दुसरा उत्तरेला, होन्नावर-कुमठा-गोकर्ण या टापूत. प्रत्येकी तीन रात्री. दोन्हीतलं अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे मधला बदलीचा दिवस एकच.

खोली ठरवताना फोटोंवर जाऊ नका, फोन करा. तिकडे बहुतेकांना हिंदी येतं, कारवार-अंकोल्याकडे कोकणी आणि पुष्कळदा मराठीही चालते, उडुपीकडे तुळू आणि कन्नड. बाईंना 'अक्का', पुरुषांना 'अण्णा' म्हटलं की आवाज लगेच मऊ होतो. विचारायचं काय ते सांगते. गाडी दारापर्यंत येते का, की पुढे पायऱ्या आहेत? गोकर्णच्या कुडले आणि ओम बीचवरच्या कित्येक जागांना उतारावरून चालत जावं लागतं, गुडघे कुरकुरत असतील तर हा प्रश्न पहिला. हायवे किंवा रेल्वेरूळ किती लांब? रात्रीची मालगाडी दोनशे मीटरवरून गेली की झोप उडते. पहाटे गाडीने येतोय, खोली लवकर मिळेल का, त्याचे वेगळे पैसे का? वीज गेली तर पंखा चालतो का? आणि रात्रीचं जेवण घरी मिळत असेल तर किती वाजेपर्यंत सांगावं लागतं? मासे सकाळीच आणतात, संध्याकाळी सहाला फोन करून सुरमई मागितली तर कुठून देणार. शेवटी म्हणायचं, खोलीच्या दारात उभं राहून समुद्राकडे मोबाइल फिरवा आणि छोटा व्हिडिओ पाठवा. जो पाठवतो त्याच्याकडे मी पैसे भरते. दोघांचीही आधार कार्डं बरोबर ठेवा, एकाचं चालत नाही.

लग्नाचा वाढदिवस आहे हे त्यांना आधी सांगावं का? माझं मत, सांगावं, पण केक-फुगे नकोत हेही सांगावं.

उडुपीचे दिवस

उडुपी गाव समुद्रापासून पाच-सहा किलोमीटर आत आहे. राहायला मालपे किंवा कापूची बाजू घ्या आणि गावात सकाळी जा. श्रीकृष्णाचं दर्शन नऊ छिद्रांच्या चांदीच्या झरोक्यातून, नवग्रह किंडीतून, घ्यायचं असतं. पुरुषांना आत शर्ट काढावा लागतो, गोकर्णच्या महाबळेश्वरालाही तसंच. नवऱ्याला आधी सांगून ठेवा. मठात दुपारी अन्नप्रसाद असतो, रांगेची तयारी ठेवा.

सेंट मेरीज बेटासाठी मालपेहून होडी मिळते. हे सकाळचं काम, संध्याकाळचं नव्हे, कारण परतीची शेवटची होडी सूर्यास्ताच्या आधी निघते. पाणी आणि टोपी घेऊन जा, बेटावर सावली कमी. तिथे बघायचं ते दगड. ज्वालामुखीचा रस थंड होताना तडकून त्याचे उभे, कोनाकोनांचे खांब झाले आहेत, पाच-सहा बाजूंचे, एकमेकांना खेटून उभे. वरून पाहिलं तर फरशी घातल्यासारखं दिसतं, लाट मागे गेली की फटीफटींतून पाणी ओघळतं. अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहिली असेल तर ओळख पटेल. पण आपली टेकडी दख्खनच्या लाव्हाची, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासची, आणि हे खांब त्याहून जुने, सुमारे 8.8 कोटी वर्षांपूर्वीचे, मादागास्कर भारतापासून तुटत होतं त्या काळातले. आम्ही त्या खांबांवर बसलो आणि बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. कडेच्या दगडांवर शेवाळ असतं, चप्पल घट्ट हवी, पोहण्याचा विचार नको.

संध्याकाळी कापूचं दीपगृह. 1901 सालचं, काळ्या खडकावर उभं. वर चढायला संध्याकाळी थोडाच वेळ मिळतो, म्हणून पाचच्या आतच पोचा, मग खाली खडकांवर बसा.

दुसरी संध्याकाळ मरवंत्यासाठी राखून ठेवा, माझी पद्धत इथे सगळ्यात चांगली समजते. मरवंत्याला हायवेच्या एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला सौपर्णिका नदी, मध्ये जेमतेम रस्त्यापुरती जमीन. पश्चिमेला सूर्य बुडत असतो आणि पूर्वेला नदीपलीकडे कोडचाद्रीच्या बाजूचे डोंगर तांबूस होत जातात. सगळे जण हे ठिकाण उत्तरेकडे जाताना वाटेत उरकतात, दुपारी बाराच्या उन्हात, दहा मिनिटांत. तसं न करता उडुपीहून एक अख्खी दुपार काढा. एकला कुंदापूरला जेवण, चारला मरवंते, सूर्यास्तानंतर निवांत चहा, आठच्या सुमारास परत. जेमतेम 55 किलोमीटर.

बाहुबली बघायचा असेल तर कारकळ सकाळी होतं, 1432 सालची अखंड दगडाची मूर्ती, 42 फूट. मंगळूर मी वगळते. शहर छान आहे, पण शहर आपल्याकडे भरपूर आहे.

जेवण

नीर डोसा घरी करतात तसा करून दाखवायला सांगा, बायका आनंदाने दाखवतात. तांदूळ भिजवून थोडं खोबरं घालून वाटलेलं पीठ ताकाएवढं पातळ. तापलेल्या बिडाच्या तव्यावर ते पसरत नाहीत, वाटीने कडेकडून फेकतात, तव्यावर जाळी पडते, वर झाकण. उलटायचा नाही. मिनिटभरात कडा सुटल्या की चौघडी घालून ताटात. रवाळ घावनांची सवय असलेल्या आपल्या जिभेला तो रेशमासारखा लागतो. कोंबडीच्या रश्शाबरोबर कुरकुरीत कोरी रोटी, कुंदापूरचं घी रोस्ट, नाश्त्याला केळ्याचे गोड बन्स, फणसाच्या पानातल्या इडल्या, आणि पत्रोडे, म्हणजे आपल्या अळुवडीची तिकडची बहीण. 'गडबड' नावाचं आईस्क्रीम दोघांत एक पुरे. माशांच्या खाणावळीत अंजल म्हणजे सुरमई, बंगुडे म्हणजे बांगडा, काणे म्हणजे मुडदुशी. काणे रवा फ्राय चुकवू नका. 'स्वल्प' म्हणजे थोडं, 'साकु' म्हणजे पुरे. वाढणारे आग्रही असतात, दोन्ही शब्द लागतील.

बदलीचा दिवस आणि उत्तरेकडचा मुक्काम

गाडी आणि ड्रायव्हर तिथलाच घ्या. दर ठरवताना तीन गोष्टी फोनवरच बोला: किती तास आणि किती किलोमीटर, वर गेल्यास काय दर, ड्रायव्हरचा भत्ता वेगळा की त्यातच. टोल-पार्किंग कुणाचं तेही. उडुपी-कुंदापूर-मंगळूर या पट्ट्यात खासगी बसही भरपूर धावतात, एखादा दिवस बसने फिरायला मजा येते.

उडुपीहून नऊला निघा. मुरुडेश्वरला अकराच्या सुमारास. 123 फुटी शंकराची मूर्ती लांबूनच दिसते, गोपुरात लिफ्टने वर जाता येतं, तिथून खालच्या होड्या आणि समुद्राची रेघ बघावी. मग इडगुंजीचा गणपती, दोन हातांचा आणि उभा. साडेतीनला होन्नावर, सामान टाका, पाचला कासरकोडच्या किनाऱ्यावर. त्या किनाऱ्याला 2020 मध्ये ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ किनाऱ्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र, मिळालं आहे, स्वच्छतागृहं आणि बसायची सोय चांगली.

दुसऱ्या दिवशी शरावतीच्या खाडीत होडी आणि कांदळवनातली लाकडी पायवाट. इथे भरती-ओहोटीची वेळ आदल्या रात्रीच बघून ठेवा. होडी भरतीला सुखाची, चिखलातली मुळं आणि खेकडे बघायचे तर ओहोटी बरी. आपल्याकडे तिथीच्या पाऊणपटीने भरतीची वेळ काढतात, तो हिशेब तिकडे जसाच्या तसा लागत नाही, भरती आधी येते. पाण्याची चढउतारही आपल्यापेक्षा खूप कमी, मुंबईत उधाणाला चार-पाच मीटर तर मंगळूरकडे दीडेक मीटर.

जोगचा धबधबा होन्नावरहून साधारण 60 किलोमीटर. 253 मीटरचा कडा खरा, पण वर लिंगनमक्की धरण आहे. डिसेंबरात धारा बारीक झालेल्या असतात आणि घाटातून परत येईतो संध्याकाळ संपते. माझ्या हिशेबात तो बसत नाही. त्याऐवजी सकाळी मिर्जान किल्ला बघा. जांभ्या दगडाचा, अघनाशिनीच्या काठचा, मिरीच्या व्यापारामुळे पोर्तुगीज जिला मिरीची राणी म्हणत त्या गेरसोप्पेच्या चेन्नभैरादेवीशी त्याचं नाव जोडलेलं आहे. भिंतींवर गवत चढलेलं, माणसं तुरळक. अघनाशिनीवर धरण नाही, तिचं पाणी बघितल्यावर ते जाणवतं.

गोकर्ण शेवटी ठेवा. सकाळी दर्शन, दुपारी विश्रांती, चारला ओम बीचच्या वरच्या बाजूला, जिथून दोन अर्धवर्तुळं आणि मधला खडक एकदम दिसतात. मग खाली उतरा.

एक गोष्ट निघण्याआधीची. दोघांनी वेगवेगळ्या कागदावर तीन-तीन गोष्टी लिहायच्या आणि एकमेकांना न दाखवता घडी घालून द्यायच्या. माझ्या कागदावर मरवंते, होडी आणि एक सकाळ काहीही न करण्याची. नवऱ्याच्या कागदावर मासळी बाजार, दीपगृह आणि, मला ठाऊकच नव्हतं, शरावतीवरच्या रेल्वेपुलाखालून होडीने जायचं. कोकण रेल्वेचा सगळ्यात लांब पूल, दोन किलोमीटरहून मोठा. तरुणपणी त्याने तो बांधला जात असल्याच्या बातम्यांची कात्रणं जपली होती. इतक्या वर्षांत तो कधी बोलला नव्हता. आखणीत या सहा गोष्टी आधी बसवा, बाकीचं उरलेल्या जागेत.

परतीला मत्स्यगंधा संध्याकाळी गोकर्ण रोडला येते. स्टेशन गावापासून नऊ-दहा किलोमीटर, रिक्षा दुपारीच सांगून ठेवा. रात्रीचं जेवण खोलीवाल्या अक्कांकडून बांधून घ्या, गाडीतल्या जेवणापेक्षा केव्हाही चांगलं. पहाटे पनवेलला उतरून हार्बरची लोकल मिळते. त्या दिवशी नवऱ्याला सकाळची शिफ्ट लावून घेऊ देऊ नका, दुसरी मागायला सांगा.